किडूकमिडूक : अर्थ, लेखन आणि वापर यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत मराठी मजकुराचे मुद्रितशोधन करताना काही शब्द असे भेटतात की त्यांच्यापाशी लेखक, संपादक आणि अक्षरजुळणी करणारा असे तिघेही थबकतात. ‘किडूकमिडूक’ हा त्यांपैकीच एक. त्यातला कोणता उकार ऱ्हस्व आणि कोणता दीर्घ, तो जोडून लिहावा की तोडून, आणि मुळात कोणत्या दागिन्यांना तो लावावा, हे प्रश्न मला सतत विचारले जातात. एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा ती सारी उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘किडूकमिडूक’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

लहानसहान, कमी वजनाचे, एकमेकांशी न जुळणारे आणि बहुधा निरनिराळ्या वेळी घरात आलेले दागिने एकत्रितपणे सांगायचे असतात, तेव्हा त्यांना किडूकमिडूक म्हणतात. या अर्थात तीन गोष्टी येतात : दागिने लहान असणे, ते सरमिसळ असणे आणि त्यांचा उल्लेख एकगठ्ठा होणे. यांतली एखादी गोष्ट नसेल तर शब्द ओढूनताणून वापरल्यासारखा वाटतो. वीस तोळ्यांचा जडावाचा संच हे किडूकमिडूक नव्हे. आज एकाच वेळी विकत घेतलेल्या, एकाच घडणीच्या चार नाजूक अंगठ्यांनाही सहसा कोणी तसे म्हणत नाही.

यात चौथीही एक गोष्ट आहे. शब्दकोशाच्या ओळीत ती बसत नाही, पण बोलताना नेमकी जाणवते. हे दागिने सांगणाऱ्या व्यक्तीचे स्वतःचे असतात आणि बहुतेक वेळा तेवढेच असतात. या चौथ्या गोष्टीविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

एकाच दागिन्याला किडूकमिडूक म्हणता येईल का?

नाही. एका वस्तूला ‘दागिना’, ‘डाग’ किंवा ‘नग’ म्हणावे. ‘तिने कानातले किडूकमिडूक काढून ठेवले’ असे वाक्य अलीकडे वाचनात येते, पण कानातली एकच जोडी असेल तर तेथे ‘कानातले काढून ठेवले’ एवढेच पुरे. तिच्या कानात कुडी, वर बुगडी आणि पाळीला वेल असा जामानिमा असेल, तरच तो शब्द तेथे शोभेल.

किडूकमिडूक या शब्दात कोणकोणते दागिने येतात?

याची पक्की यादी नाही, आणि ती करूही नये. तरीही महाराष्ट्रीय घरांपुरते बोलायचे तर कानातली कुडी, बुगडी, बाळी, डूल, रिंगा, पुरुषांच्या कानातली भिकबाळी, नाकातली चमकी, मोरणी आणि बारीक नथ, बोटातले वेढणे, साधी अंगठी, मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या, गळ्यातून उतरवलेले दोन-चार सोन्याचे मणी, पुतळ्यांच्या माळेतून सुटलेली एखादी पुतळी, बाळाच्या बिंदल्या, ताईत, पायातली जोडवी आणि मासोळ्या हे सारे त्यात सहज सामावते. पाटल्या, गोठ, तोडे, कोल्हापुरी साज, मोहनमाळ, चपलाहार ही नावे मात्र त्यात मिसळत नाहीत. हे दागिने आपापल्या नावाने उभे राहतात, त्यांना समूहात लपण्याची गरज पडत नाही. ठुशी आणि बोरमाळ या दोहोंच्या मध्ये आहेत. घरची स्थिती जशी असेल तसे त्यांचे स्थान ठरते.

हा शब्द मला पहिल्यांदा पुरता उमगला तो गिरगावातल्या आमच्या आत्याच्या घरी. तिने एकदा कपाटातल्या साड्यांखालून हिंगाची जुनी पत्र्याची डबी काढली आणि सोनार देतात तसल्या गुलाबी कागदाची पुडी माझ्यासमोर उलगडली. पुडीत मोत्यांची एकच कुडी होती आणि तिच्या सात मोत्यांपैकी एक गळून तेथे नुसती तार उरली होती. फिरकी हरवलेली चमकी, आकडा तुटल्याने सुतळीच्या तुकड्याने बांधून ठेवलेली बारीक साखळी, दोन काळे मणी अजून अडकलेली मंगळसूत्राची वाटी, तिच्या मुलाच्या बारशातल्या बिंदल्या आणि झिजून कडेला धार आलेली चांदीची जोडवी, एवढे तळहातावर मावणारे सामान. “हे माझं किडूकमिडूक,” ती म्हणाली, आणि एकेक वस्तू बोटाने सरकवत तिचा इतिहास सांगू लागली. कुडीपाशी थांबून म्हणाली, “दुसरी ऑपेरा हाउसच्या नाक्यावर पडली, ६३ साली. तेव्हा सोनार चौदा कॅरटचीच घडवून देत होता. तसली नको म्हटलं, राहिली ती राहिली.”

तिचे म्हणणे शब्दशः खरे होते. चीनशी झालेल्या युद्धानंतर जानेवारी १९६३ मध्ये केंद्र सरकारने सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले आणि १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवायला बंदी केली. देशभर असंख्य सोनार त्यामुळे बेकार झाले. पुढे नियम सैल होत गेले, १९६८ मध्ये त्यांचा स्वतंत्र कायदा झाला आणि १९९० मध्ये तो रद्द करण्यात आला. घरोघरच्या डब्यांत जोडी मोडलेले जे एकटे दागिने सापडतात, त्यांच्यामागे हरवण्याइतकेच असले काळही असतात.

हा शब्द कसा लिहावा? ‘किडुकमिडुक’, ‘किडूक-मिडूक’, ‘किडूक मिडूक’ यांपैकी कोणते रूप योग्य?

प्रमाणलेखनात ‘किडूकमिडूक’ असे, जोडून आणि दोन्ही ‘डू’ दीर्घ ठेवून लिहावे. अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार किंवा उकार दीर्घ असतो, हा मराठी लेखनाचा नेहमीचा नियम येथे लागू होतो. ‘फूल’, ‘वकील’, ‘लाकूड’ हे शब्द आपण त्याच नियमाने लिहितो. मराठी साहित्य महामंडळाच्या १४ नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली आणि १९७२ मध्ये त्यांत ४ नियमांची भर पडली. आपण जे लेखन शाळेत शिकतो ते याच १८ नियमांवर उभे आहे.

‘कि’ आणि ‘मि’ मात्र ऱ्हस्वच. ‘कीडूकमीडूक’ असे लेखन चुकीचे आहे.

संयोगचिन्ह देण्याची गरज नाही. ‘गोडधोड’, ‘शेजारीपाजारी’, ‘उरलासुरला’ हे शब्द आपण सलग लिहितो, मग यालाच वेगळा न्याय कशाला? ओळ संपताना शब्द तोडावा लागलाच, तर ‘किडूक’नंतर तोडावा.

या शब्दाचे लिंग आणि वचन कोणते? विभक्ती लागताना त्यात काय बदल होतो?

हा शब्द नपुंसकलिंगी असून समूहवाचक असल्याने एकवचनात वापरतात : ते किडूकमिडूक, तिचे किडूकमिडूक, उरलेले किडूकमिडूक. दागिने कितीही असले तरी क्रियापद एकवचनीच राहते. ‘किडूकमिडूक विकले गेले’ हे वाक्य त्यामुळे दहा दागिन्यांविषयी असूनही एकवचनी आहे.

विभक्तिप्रत्यय लागताना शेवटचा दीर्घ उकार ऱ्हस्व होतो : किडूकमिडुकाला, किडूकमिडुकाचा, किडूकमिडुकात. ‘वकील’चे ‘वकिलाला’ आणि ‘फूल’चे ‘फुलाला’ होते, तसेच हे. पहिल्या भागातला ‘डू’ दीर्घच ठेवावा, कारण सामान्यरूपाचा परिणाम शब्दाच्या टोकाला होतो. ‘लाकूड’चे जसे ‘लाकडाला’ होते, तसे येथे ‘मिडकाला’ का होत नाही, असे एका चोखंदळ लेखकाने विचारले होते. ‘लाकूड’मध्ये पहिले अक्षर दीर्घ आहे, म्हणून तेथे उकाराच्या जागी अकार येऊ शकतो. ‘मिडूक’मध्ये पहिले अक्षर ऱ्हस्व आहे, म्हणून उकार टिकून राहतो आणि केवळ आखूड होतो.

‘मिडूक’ या शब्दाला स्वतंत्र अर्थ आहे का?

वापरात नाही. किडूकमिडूक हा अंशाभ्यस्त शब्द आहे. मूळ शब्द जसाच्या तसा पुन्हा न येता त्यातले एखादे अक्षर बदलून येतो, त्याला आपल्या व्याकरणात अंशाभ्यस्त म्हणतात. ‘बारीकसारीक’मधल्या ‘सारीक’ला, ‘शेजारीपाजारी’मधल्या ‘पाजारी’ला किंवा ‘अर्धामुर्धा’मधल्या ‘मुर्धा’ला एकट्याने कोणी विचारत नाही, पण ते काढून टाकले तर उरलेला शब्द पांगळा होतो. जोडीतला दुसरा भाग ‘आणि तसलेच आणखी काही’ एवढे सांगतो. येथे तर तो फारच चपखल बसला आहे, कारण दागिनेही तसेच आहेत : एक, आणि त्याच्यासारखे, पण पुरते तसे नसलेले दुसरे.

‘कीड’ या शब्दाशी याचा अर्थ जोडावा का?

जोडू नये. हा शब्द बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या मनात किडीची किंवा किडक्या वस्तूची छटा नसते.

हा शब्द कोणत्या क्रियापदांबरोबर येतो?

तो जपणे, सांभाळणे, साठवणे, काढणे, देणे, वाटणे, मोडणे, विकणे आणि गहाण ठेवणे यांच्याबरोबर येतो. ‘घालणे’ किंवा ‘मिरवणे’ यांच्याबरोबर जवळजवळ येत नाही. यावरूनच शब्दाचा स्वभाव कळावा. लग्नाला जाताना कोणी ‘किडूकमिडूक घातले’ म्हणत नाही, ‘दागिने घातले’ म्हणते. अंगावर असते तेव्हा प्रत्येक वस्तूला तिचे नाव असते. ती डबीत जाते किंवा सोनाराच्या पारड्यात पडते, तेव्हा तिचे किडूकमिडूक होते.

‘मोडणे’ हे क्रियापद तरुण वाचकांना अलीकडे बुचकळ्यात टाकते, म्हणून थोडे स्पष्ट करते. दागिना मोडणे म्हणजे तो तोडणे नव्हे. सोनाराकडे जुने सोने देऊन त्याचे पैसे घेणे किंवा त्या सोन्यातून नवे घडवणे, याला मोडणे म्हणतात आणि अशा सोन्याला मोड म्हणतात. मोड घालताना सोनार आधी वजनातून लाख, खडे, मोती आणि दोरा वजा करतो. बोरमाळेचे मणी पोकळ असतात आणि आत लाख भरलेली असते, म्हणून हाताला जड लागणारी माळ काट्यावर हलकी भरते. मोत्यांना बहुधा किंमत धरत नाहीत. मूळ घडणावळही परत मिळत नाही. लहान दागिन्यांत सोन्याच्या मानाने घडणावळ अधिक गेलेली असते, त्यामुळे मोडीत त्यांचाच तोटा जास्त होतो. ‘किडूकमिडूक मोडून काय हाती येणार?’ हे घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचे वाक्य त्या अनुभवातून आलेले आहे.

एका बारीक फरकाकडे लेखकांनी अवश्य लक्ष द्यावे. ‘तिने किडूकमिडूक मोडून फी भरली’ या वाक्यात मोठे दागिने घरात शिल्लक असू शकतात. लहान अडचण होती, लहान सोन्यावर भागले. ‘तिने होते नव्हते ते किडूकमिडूकही मोडले’ असे म्हटले की चित्र पालटते. पाटल्या आधीच गेल्या आहेत, हार गेला आहे आणि हात आता डबीच्या तळाला लागला आहे. हा सारा अर्थ एका ‘ही’वर तोललेला आहे. संपादनात तो ‘ही’ अनावश्यक समजून उडवलेला मी पाहिला आहे. तो उडवू नये.

मुंबईच्या गिरणगावाला या दुसऱ्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि महिन्यांमागून महिने पगार बंद राहिला. लालबाग, परळ, वरळीच्या चाळींत कित्येक घरांतले सोने आधी गहाण पडले, व्याज तुंबले, आणि सोडवण्याची आशा संपल्यावर ते मोडले गेले. त्या पिढीच्या बायका आजही ‘संपात गेलं’ एवढेच म्हणतात. काय गेले ते वेगळे सांगत नाहीत.

दुसऱ्याच्या दागिन्यांना किडूकमिडूक म्हणणे योग्य आहे का?

माझ्या मते या शब्दाविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि शुद्धलेखनाच्या मानाने तो फार कमी वेळा विचारला जातो.

हा शब्द मालकिणीचा आहे. आपले ते थोडके, असे विनयाने सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. घरी बोलावताना आपण ‘साधंच जेवण आहे’ म्हणतो, पण पाहुण्याने पानावर बसून तेच म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो. किडूकमिडुकाचेही तसेच आहे. आत्याने स्वतःच्या डबीला तो शब्द वापरला तेव्हा त्यात संकोच, माया आणि हक्क ही तिन्ही होती. तोच शब्द तिच्या सुनेने किंवा सोनाराने तिच्यासमोर वापरला असता तर तिचा अपमान झाला असता. ‘तुझं ते किडूकमिडूक ठेव तुझ्यापाशी’ हे वाक्य भांडणाखेरीज दुसरीकडे ऐकू येत नाही.

लेखनात याचा परिणाम असा की, निवेदकाने हा शब्द कोणाच्या तोंडी घालायचा हे आधी ठरवावे. चरित्रलेखनात तर अधिक जपावे. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट उभा केला तेव्हा पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने त्या पैशांच्या जुळवाजुळवीत कामी आले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो चित्रपट लोकांसमोर आला. हा प्रसंग सांगताना ‘पत्नीचे किडूकमिडूक विकून’ असे लिहिलेले वाक्य माझ्यासमोर आले होते. मी ते बदलून ‘पत्नीचे दागिने’ असे सुचवले. त्या दागिन्यांचे मोल कमी लेखण्याचा अधिकार शंभर वर्षांनंतरच्या लेखकाला नाही. सरस्वतीबाई स्वतः बोलत आहेत अशी वाक्यरचना असती, तर तो शब्द मी हलवला नसता.

हीच गोष्ट बातमीलाही लागू आहे. ‘चोरट्यांनी वृद्धेचे किडूकमिडूक लांबवले’ या मथळ्यात सहानुभूती दाखवण्याचा हेतू असतो, पण ज्या बाईचे चोरीला गेले तिला तो मथळा बोचेल. तेथे ‘दागिने’ लिहावे.

दागिने, डाग, दागदागिने, अलंकार, चीजवस्तू, स्त्रीधन आणि किडूकमिडूक यांत काय फरक आहे?

‘दागिना’ हा रोजचा आणि सर्वांत मोकळा शब्द आहे. तो लहानमोठ्या कोणत्याही भूषणाला चालतो. ‘डाग’ हा त्याच अर्थाचा जुना घरगुती शब्द आहे आणि तो मोजणीसाठी वापरतात : ‘लग्नात पाच डाग घातले.’ ‘दागदागिने’ म्हटले की भरल्या घराचा भास होतो. त्या शब्दात किडूकमिडुकाच्या नेमके उलटे, मुबलकतेचे सूचन आहे. ‘अलंकार’ देवाचे, राजघराण्याचे किंवा काव्यातले. आपल्या घरच्या बांगड्यांना अलंकार म्हणणे जरा अवघडल्यासारखे होते. ‘चीजवस्तू’त दागिन्यांबरोबर भांडी, कपडे, रोकड असे काहीही मौल्यवान येते.

‘स्त्रीधन’ हा या सर्वांहून वेगळा, हक्काचा शब्द आहे. दागिना केवढा आहे हे तो सांगत नाही, कोणाचा आहे हे सांगतो. प्रतिभा राणी खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की स्त्रीधनावर पत्नीची संपूर्ण मालकी असते आणि सासरी ते ठेवायला दिल्याने नवरा किंवा सासरची माणसे त्याची भागीदार होत नाहीत. तेव्हा तळहातावर मावणारे किडूकमिडूकही स्त्रीधन असू शकते. ते लहान आहे म्हणून कोणी परस्पर मोडावे असे नाही.

या मालिकेत ‘लंकेची पार्वती’ हा वाक्प्रचारही आठवावा. अंगावर एकही दागिना नसलेल्या स्त्रीला उद्देशून तो वापरतात. ‘गळ्यात फुटका मणी नाही’ हेही तसेच. किडूकमिडूक हे या दोहोंच्या एक पायरी वरचे : काहीतरी आहे.

चांदीचे आणि खोटे दागिने किडूकमिडुकात धरावेत का?

चांदीचे धरावेत. पायात सोने घालत नाहीत, या रीतीमुळे जोडवी, मासोळ्या, पैंजण आणि बाळाचे वाळे चांदीचेच असतात आणि ते डबीत सोन्याशेजारीच राहतात. ‘सोन्याचांदीचे किडूकमिडूक’ हा प्रयोग त्यामुळे रूढ आहे.

खोट्या दागिन्यांचे मात्र तसे नाही. बेन्टेक्सचे, एक ग्रॅमचे किंवा भुलेश्वरच्या गल्लीत मिळणारे दागिने कितीही लहान आणि कितीही सरमिसळ असले, तरी त्यांना कोणी सहसा किडूकमिडूक म्हणत नाही. अडीअडचणीला ज्याचे पैसे उभे राहतात, अशीच वस्तू या शब्दाला अपेक्षित आहे.

दागिन्यांव्यतिरिक्त इतर वस्तूंसाठी हा शब्द चालतो का?

काही जण घरातल्या लहानसहान मौल्यवान वस्तूंसाठी आणि तुटपुंज्या पुंजीसाठीही तो वापरतात, आणि तेवढा विस्तार भाषेला पेलतो. टेबलाच्या खणातल्या पिना, रबरे आणि जुन्या पावत्यांसाठी मात्र ‘सटरफटर’ हा चांगला शब्द असताना येथे किडूकमिडूक आणू नये.

पोलिसांतली तक्रार, मृत्युपत्र, गहाणाचा कागद किंवा लॉकरची नोंद यांत हा शब्द वापरता येईल का?

वापरू नये. अशा कागदात प्रत्येक नग वेगळा, त्याच्या वर्णनासह आणि वजनासह लिहावा. ‘कानातील मोत्यांची सोन्यात मढवलेली कुडी, नग एक, एक मोती गळालेला’ अशी नोंद दहा वर्षांनीही वस्तू ओळखून देते. ‘किडूकमिडूक, अंदाजे दीड तोळा’ या नोंदीवरून काहीही सिद्ध करता येत नाही, आणि वाटणीच्या वेळी तीच नोंद वादाचे मूळ होते.

वजन लिहितानाही काळजी घ्यावी. जुन्या हिशेबात आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे तोळ्याच्या ९६ गुंजा होत असत आणि तो तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आज बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणतात. आजीच्या वहीतला ‘अर्धा तोळा’ आणि आजच्या पावतीतला ‘अर्धा तोळा’ यांत म्हणूनच पाऊण ग्रॅमहून थोडा अधिक फरक पडतो, आणि किडूकमिडुकाच्या बाबतीत पाऊण ग्रॅम म्हणजे एखादी चमकी असते.

हॉलमार्कची, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या शिक्क्याचीही आठवण ठेवावी. दागिन्यांवर हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा करण्यास जून २०२१ मध्ये सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना मात्र या सक्तीतून सूट आहे. चमकी, मोरणी, बारीक बाळी यांवर शिक्का नसला म्हणजे सोने खोटे असे नव्हे, आणि जुन्या काळच्या दागिन्यांवर तो असण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वस्तूंचा कस यंत्रावर किंवा कसोटीच्या दगडावर आपल्या डोळ्यांदेखत तपासून घ्यावा आणि वजनातून काय व किती वजा केले ते कागदावर लिहून मागावे.

‘छोटेमोठे दागिने’ असे लिहिले तर बिघडते का?

बिघडत नाही, पण अर्थ बदलतो. ‘छोटेमोठे’मध्ये मोठेही येतात. किडूकमिडुकात ते येत नाहीत. कोणत्याही कारणाने तो शब्द नको असेल, तर ‘लहानसहान दागिने’ हा जवळचा पर्याय आहे. हिंदीतल्या ‘छोटे-मोटे’ची सावली मुंबईच्या मराठीवर कायमच पडलेली असते, आणि ‘छोटेमोटे दागिने’ असे लिहिलेले मी आठवड्यातून एकदा तरी दुरुस्त करते.

मुंबईत हा शब्द आज बोलला जातो का?

बोलला जातो, पण घराच्या आत. झवेरी बाजारात किंवा दादरच्या रानडे रोडवरच्या पेढ्यांत गिऱ्हाईक ‘लाइटवेट’ किंवा ‘डेली वेअर’ मागते. नव्या, हलक्या, रोज वापरण्याच्या दागिन्यांसाठी ते शब्द रुळले आहेत आणि त्यांना किडूकमिडूक म्हणणे योग्यही होणार नाही, कारण त्या वस्तू अजून कोणाच्या झालेल्या नाहीत. विकाऊ मालाला हा शब्द लागत नाही. कोळीवाड्यांत सणासुदीला घसघशीत सोने अंगावर घालण्याची परंपरा आहे, त्या सोन्यालाही तो लागत नाही. तो ऐकू येतो तो जागा बदलताना, घर पुनर्विकासाला जाताना, रुग्णालयात भरती होण्याच्या आदल्या रात्री किंवा लेकीसुनांना जवळ बसवून वाटणी करताना.

वाक्यात उपयोग करून दाखवाल का?

पुढील वाक्ये प्रमाणलेखनानुसार आहेत आणि माझ्या मते शब्दाच्या स्वभावालाही धरून आहेत.

‘माझ्या किडूकमिडुकात तुझ्या बारशातल्या बिंदल्या अजून आहेत.’

‘आईने जपलेल्या किडूकमिडुकाचे तिघी बहिणींनी चिठ्ठ्या टाकून वाटे केले, आणि मोती गळालेली कुडी जिला मिळाली तिने मात्र ती कोणाला बदलून दिली नाही.’

‘चाळ रिकामी करायच्या दिवशी ती भांड्यांच्या पोत्यांवर बसून राहिली, आणि किडूकमिडुकाची डबी तिने शेवटपर्यंत पदरातच ठेवली.’

तिसऱ्या वाक्यात ‘डबी’च्या जागी ‘पेटी’ सुचवणाऱ्यांना एवढेच सांगते की पेटीत दागिने असतात. किडूकमिडूक डबीत, बटव्यात किंवा रुमालाच्या गाठीत असते.